संग्रहपालाच्या पाठीशी उभी राहणारी संघटना

जिल्ह्याच्या गावातलं एखादं छोटं वस्तुसंग्रहालय डोळ्यांसमोर आणा. तीन-चार दालनं, मागे एक साठवणखोली, एक अभिरक्षक म्हणजेच संग्रहपाल, दोन परिचर आणि रात्रीचा पहारेकरी. अभिरक्षकाचं शिक्षण बहुतेकदा इतिहासाचं किंवा पुरातत्त्वाचं. पण त्याच्या ताब्यात नाणी असतात, पैठण्या असतात, पोथ्या, तलवारी, तैलचित्रं, हस्तिदंती डब्या असतात, आणि कधीकधी पेंढा भरलेला बिबट्याही. प्रत्येकाचं दुखणं वेगळं. तांब्याला दमट हवा बाधते, रेशीम उजेडानं विरतं, पोथीला कसर लागते, तैलचित्राचा रंग पोपडे धरतो. ही सगळी दुखणी एकाच माणसानं ओळखायची, नोंदवही लिहायची, शाळेच्या सहली फिरवायच्या, आणि वर छप्पर गळतंय म्हणून पत्रंही पाठवत राहायची.

अशात एखाद्या दिवशी वरून विचारणा येते: खोलीत इतकं सामान पडून आहे, त्यातलं थोडं विकून छप्पर नीट करता येणार नाही का? प्रश्न विचारणारा दुष्ट नसतो, त्याला खरोखर पैशांची चणचण असते. पण अभिरक्षकाला ‘नाही’ म्हणायचं असेल तर त्यानं कशाच्या बळावर म्हणायचं? स्वतःच्या मताला वरिष्ठांपुढे किती वजन असणार? नेमक्या अशा वेळी राष्ट्रीय पातळीवरची संग्रहालय संघटना उपयोगी पडते. ती काय करते, कशाच्या जोरावर करते आणि कुठे कमी पडते, हे समजून घ्यायला मी ब्रिटनमधल्या म्युझियम्स असोसिएशनचं उदाहरण घेतो आहे. जगातली या प्रकारची ही सर्वांत जुनी संघटना, आणि तिच्या जुन्या कामाचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो.

यॉर्कमधली सुरुवात

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या शहराशहरांत संग्रहालयं उभी राहिली. कुठे विज्ञानप्रेमींच्या मंडळानं जमवलेले जीवाश्म, कुठे कुणा जमीनदाराचा पक्ष्यांचा संग्रह, कुठे वसाहतींतून आलेल्या पेट्या. १८४५ च्या कायद्यानं नगरपालिकांना संग्रहालय चालवायची मुभा दिली, तशी संख्या आणखी वाढली. पण ती चालवायची कशी, याचं शिक्षण कुठेच नव्हतं. एका शहरातल्या संग्रहपालानं कीड मारायची युक्ती शोधली, तरी शेजारच्या शहराला त्याचा पत्ता नसायचा. यॉर्कशायर फिलॉसॉफिकल सोसायटीच्या पुढाकारानं १८८९ मध्ये यॉर्क इथे काही संग्रहालयांचे प्रतिनिधी जमले आणि संघटना स्थापन झाली. पुढच्या वर्षी लिव्हरपूलला पहिलं अधिवेशन भरलं.

त्याच १८८९ साली लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे संचालक विल्यम हेन्री फ्लॉवर यांनी एका भाषणात एक मुद्दा ठासून मांडला होता. संग्रहालयाचं यश इमारतीवर, काचेच्या कपाटांवर, अगदी आतल्या नमुन्यांवरही ठरत नाही, ते ठरतं संग्रहपालावर. हेच फ्लॉवर पुढे असोसिएशनचे अध्यक्ष झाले. संघटनेचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा व्यवहार पाहिला की हा विचार तिच्या कामाच्या मुळाशी आहे असं मला वाटतं. वस्तू जपायच्या असतील तर आधी त्या जपणाऱ्या माणसाला शहाणं करायला हवं, त्याला सोबती मिळवून द्यायला हवेत, आणि वेळ आली तर त्याची बाजू घ्यायला हवी.

१९०१ मध्ये ‘म्युझियम्स जर्नल’ सुरू झालं. ते आजही निघतं. सुरुवातीच्या अंकांत प्रकाशयोजना, लेबलं, कपाटांची रचना, नमुने टिकवण्याच्या पद्धती असं सगळं असे. आज त्यात धोरणांवर वाद असतात, नव्या दालनांची परखड परीक्षणं असतात आणि नोकरीच्या जाहिराती असतात. एकाच व्यवसायातली माणसं एकमेकांना ओळखू लागतात ती अशा नियतकालिकातूनच.

तिच्याकडे कायद्याची ताकद नाही

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. वकिलांची बार कौन्सिल सनद देते आणि काढूनही घेते. सनद गेली की वकिली बंद. म्युझियम्स असोसिएशनकडे असं काही नाही. ती सरकारी खातं नाही. तिचे सभासद म्हणजे संग्रहालयात काम करणारी माणसं, स्वतः संग्रहालयं, आणि संग्रहालयांना सेवा किंवा माल पुरवणाऱ्या कंपन्या. वर्गणी, अधिवेशन आणि नियतकालिक हे तिच्या उत्पन्नाचे मोठे मार्ग. कारभारी सभासदांतून निवडले जातात.

ब्रिटनमध्ये संग्रहालयांना मान्यता देण्याची एक वेगळी योजना आहे. ती १९८८ मध्ये ‘नोंदणी’ या नावानं सुरू झाली, पुढे तिला ‘अ‍ॅक्रेडिटेशन’ म्हणू लागले. इंग्लंडमध्ये ती आर्ट्स कौन्सिल ही कलांसाठीची सार्वजनिक संस्था चालवते, आणि वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडमध्ये तिथल्या संस्था. ही मान्यता ऐच्छिक आहे, पण ती नसेल तर अनुदानाची कित्येक दारं उघडत नाहीत आणि दुसरी संग्रहालयं वस्तू उसन्या द्यायला बिचकतात. वस्तूंची नोंद कशी ठेवावी याचं ‘स्पेक्ट्रम’ नावाचं मानक तिसऱ्याच एका संस्थेकडे आहे. म्हणजे पैसा एकाकडे, मान्यता एकाकडे, नोंदींचे नियम आणखी कुणाकडे. असोसिएशनकडे काय उरतं? तिच्याकडे नीतिसंहिता आहे. मान्यता हवी असलेल्या संग्रहालयानं ही संहिता पाळणं अपेक्षित असतं, आणि तिथेच या बिनसत्तेच्या संघटनेला धार येते.

२०१५ मध्ये स्वीकारलेली संहिता तीन खांबांवर उभी होती: लोकांचा सहभाग आणि लोकहित, संग्रहाची राखण, आणि माणसाचा व संस्थेचा सचोटीचा व्यवहार. ही संहिता एका दिवसात लिहिली गेली नाही. १९७० च्या दशकापासून तिची वेगवेगळी रूपं आली, दर वेळी सभासदांनी वाद घातले, शब्द बदलले. तिच्या मागे असोसिएशननं १९९८ मध्ये स्वीकारलेली संग्रहालयाची व्याख्या आहे. त्या व्याख्येनुसार संग्रहालयं वस्तू समाजाच्या वतीनं विश्वस्त म्हणून सांभाळतात. विश्वस्त म्हटलं की मालकाचे हक्क आपोआप आकुंचन पावतात. नगरपालिका कागदोपत्री मालक असेलही, पण ती वस्तू तिनं जमीन किंवा जुनी गाडी विकावी तशी विकायची नसते.

सेखेमकाचं काय झालं

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर नॉर्दम्प्टनची हकीकत पाहा.

नॉर्दम्प्टन हे इंग्लंडच्या मध्यभागातलं, चांभारकामासाठी शतकानुशतकं नावाजलेलं शहर. तिथल्या संग्रहालयातला पादत्राणांचा संग्रह जगातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक आहे. त्याच संग्रहालयात एक इजिप्शियन पुतळाही होता. सेखेमका नावाच्या, लेखनिकांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचा. चुनखडीच्या दगडातला, जेमतेम अडीच फूट उंचीचा, सुमारे ४,४०० वर्षांपूर्वीचा. मांडीवर उलगडलेला पपायरस, पायाशी बसलेली बायको. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नॉर्दम्प्टनच्या मार्क्विसनं, म्हणजे त्या पदवीच्या सरदारानं, तो इजिप्तच्या प्रवासात मिळवला आणि पुढे त्याच्या घराण्याकडून तो संग्रहालयाला मिळाला.

शहराच्या कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला, संग्रहालयाची इमारत वाढवायची होती आणि पैसे नव्हते. हेतू वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. पण त्यांनी मार्ग निवडला तो पुतळा विकण्याचा. असोसिएशननं आधीच बजावलं होतं, आर्ट्स कौन्सिलनंही बजावलं होतं. गावातल्या लोकांनी बचाव समिती काढली. इजिप्तच्या राजदूतांनी जाहीर निषेध केला. तरी १० जुलै २०१४ रोजी लंडनच्या क्रिस्टीज लिलावघरात सेखेमका १ कोटी ५७ लाख ६० हजार पौंडांना विकला गेला. त्यातला मोठा वाटा कौन्सिलला मिळाला, आणि देणगीच्या जुन्या कागदपत्रांवरून हक्क सांगणाऱ्या आजच्या मार्क्विसनंही आपला हिस्सा नेला.

पुढच्याच महिन्यात आर्ट्स कौन्सिलनं नॉर्दम्प्टनच्या संग्रहालय सेवेची मान्यता किमान पाच वर्षांसाठी काढून घेतली. म्हणजे पाच वर्षं अनेक अनुदानांच्या रांगेत उभं राहायचीच सोय नाही. असोसिएशननंही त्यांना आपली दारं बंद केली. ब्रिटिश सरकारनं पुतळा देशाबाहेर नेण्यावर काही काळ बंदी घातली, त्या मुदतीत तो विकत घेणारा ब्रिटनमधला कुणी पुढे आला नाही, आणि पुतळा गेला. आज तो कुठल्या तरी खाजगी मालकाकडे आहे, लोकांच्या नजरेआड.

मग संघटनेनं काय साधलं, असं कुणी विचारेल. पुतळा तर वाचला नाही. माझं उत्तर असं की या शिक्षेचा उपयोग नॉर्दम्प्टनपेक्षा इतर ठिकाणी जास्त झाला. त्या वर्षांत ब्रिटनच्या स्थानिक कौन्सिलांची अनुदानं सपाटून कापली जात होती. प्रत्येक शहरात कुणी तरी संग्रहालयाच्या साठवणखोलीकडे बघून आकडेमोड करत असणार. लंडनजवळच्या क्रॉयडननं २०१३ मध्येच आपल्या रिस्को संग्रहातली २४ चिनी भांडी हाँगकाँगमध्ये लिलावाला काढली होती, आणि त्याआधी २००६ मध्ये बरी शहरानं एल. एस. लाउरी या चित्रकाराचं ‘अ रिव्हरबँक’ हे चित्र तिजोरीतला खड्डा भरायला विकलं होतं. बरीलाही असोसिएशनमधून बाहेर पडावं लागलं होतं. सेखेमकाच्या प्रकरणानंतर निधी देणाऱ्या मोठ्या संस्थांनी एकत्र निवेदन काढलं, की अशा पद्धतीनं संग्रह विकणाऱ्यांना आम्ही पैसे देणार नाही. आता एखाद्या कौन्सिलरनं विक्रीचा विषय काढला तर संग्रहपाल नुसतं ‘मला हे पटत नाही’ म्हणत बसत नाही. तो कागद पुढे ठेवतो आणि म्हणतो, “साहेब, यातून जितके मिळतील त्याहून जास्त पुढच्या पाच वर्षांत बुडतील.” हिशेबाच्या भाषेत बोललेलं ‘नाही’ ऐकलं जातं.

यावर एक खरी हरकत आहे आणि ती टाळून चालणार नाही. इमारत कोसळत असताना, कर्मचाऱ्यांना घरी पाठवावं लागत असताना, एका पुतळ्यासाठी सगळं संग्रहालय पणाला लावायचं का? ज्या गावाला पैसाच नाही त्याला वरून मान्यता काढून आणखी गरीब करायचं, हा कुठला न्याय? या प्रश्नात मला तथ्य दिसतं. शिक्षेचा फटका निर्णय घेणाऱ्या राजकारण्यांपेक्षा संग्रहालयात काम करणाऱ्यांना आणि तिथे येणाऱ्या मुलांना जास्त बसतो. तरीही मी असोसिएशनच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण पुढच्या देणगीदारात आहे. आपल्या आजोबांची बखर, आजीचे दागिने कुणी संग्रहालयाला का देतो? ते विकले जाणार नाहीत या भरवशावर. तो भरवसा एका शहरानं मोडला की सगळ्या देशातल्या संग्रहालयांचा मोडतो.

काढून टाकायचं कसं

म्हणून संग्रहालयानं एकदा घेतलेली वस्तू कधीच सोडायची नाही असं मात्र नाही, आणि असोसिएशनच्या कामातला हा भाग मला सर्वांत व्यवहारी वाटतो. साठवणखोल्या भरलेल्या असतात. एकाच बनावटीची आठ शिलाई यंत्रं, मूळ ठिकाण माहीत नसलेली मडकी, वाळवीनं खाऊन संपलेली लाकडी अवजारं. हे सगळं सांभाळण्यात जो वेळ आणि जागा जाते, ती चांगल्या वस्तूंच्या वाट्याची असते.

असोसिएशननं २००८ मध्ये यासाठी एक मार्गदर्शक संच काढला. आधी वस्तूची कागदपत्रं तपासायची: ती आपली आहे का, कुणी कोणत्या अटीवर दिली? मग तज्ज्ञाचं मत घ्यायचं. मग ती दुसऱ्या मान्यताप्राप्त संग्रहालयाला फुकट देऊ करायची, आणि त्यासाठी किमान दोन महिने जाहीर सूचना लावायची. ही सूचना लावायला जागा असोसिएशननंच दिली आहे. डोंगरातल्या एका संग्रहालयाला नको असलेला नांगर किनाऱ्यावरच्या शेती संग्रहालयाला हवा असू शकतो, फक्त दोघांची गाठ पडायला हवी. विक्री हा अगदी शेवटचा पर्याय, आणि त्यातून आलेला पैसा संग्रहाच्याच कामाला. वेतनाला नाही, डांबरीकरणाला नाही.

माणसं घडवणं, माणसं टिकवणं

१९३० च्या दशकात असोसिएशननं संग्रहालयकर्मींसाठी डिप्लोमा सुरू केला. ब्रिटनच्या विद्यापीठांत या विषयाचे अभ्यासक्रम यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आज त्याची जागा एएमए (असोसिएटशिप ऑफ द म्युझियम्स असोसिएशन) या पात्रतेनं घेतली आहे. नावामागे ही तीन अक्षरं लावायला नोकरी सांभाळत अभ्यास करावा लागतो, एखाद्या अनुभवी माणसाच्या मार्गदर्शनाखाली आपल्या कामाची टिपणं ठेवावी लागतात, आणि शेवटी परीक्षकांपुढे बसावं लागतं. त्याच्या वरची पायरी फेलोशिपची. नोकरी करणाऱ्याला दोन वर्षं रजा घेऊन विद्यापीठात जाणं परवडत नाही, म्हणून ही वाट महत्त्वाची.

दुसरा प्रश्न पगाराचा. संग्रहालयातलं काम आवडीचं असतं, आणि आवडीच्या कामाला कमी पैसे द्यायची जगभर रीत आहे. ‘तुम्हाला एवढ्या सुंदर वस्तूंमध्ये राहायला मिळतं’ असं म्हणून पोट भरत नाही. असोसिएशन पगारांची पाहणी करते आणि कुठल्या जबाबदारीला किती पगार असावा याची मार्गदर्शक पत्रकं काढते. ती कुणावर बंधनकारक नाहीत. पण नोकरीच्या मुलाखतीत किंवा पगारवाढ मागताना हातात असा कागद असणं आणि नसणं यात फार फरक पडतो. बिनपगारी उमेदवारीचा प्रश्नही तिनं लावून धरला, कारण सहा महिने फुकट काम करणं फक्त सुखवस्तू घरच्या मुलांनाच जमतं, आणि मग संग्रहालयात तेवढीच मुलं येतात.

२०१० नंतर सरकारी खर्चाला कात्री लागली तेव्हा असोसिएशननं वर्षानुवर्षं पाहण्या करून कुठे किती संग्रहालयं बंद झाली, कुठे वेळ कमी केली, कुठे प्रवेशशुल्क लावलं, हे मांडलं. करोनाच्या काळात तिनं नोकऱ्या गेलेल्यांची नोंद ठेवली आणि तो आकडा ४,००० च्या वर गेला. असे आकडे गोळा करणं कंटाळवाणं काम आहे. पण एकेकट्या संग्रहालयानं मंत्र्याकडे रडगाणं गायलं तर ते एका गावाचं गाऱ्हाणं ठरतं. चारशे संग्रहालयांचं एकाच तक्त्यात आलं की त्यावर संसदेत प्रश्न विचारता येतो.

पैशांचं वाटपही थोडं होतं. एस्मी फेअरबेर्न नावाच्या धर्मादाय संस्थेचा पैसा असोसिएशनमार्फत संग्रहालयांकडे जातो. त्यातून नवीन इमारत बांधता येत नाही. साठवणीत पडून असलेल्या वस्तू बाहेर काढून त्यांचा अभ्यास करणं, आणि ज्या लोकांशी त्या वस्तूंचा संबंध आहे त्यांना बोलावून त्यांच्यासोबत काम करणं, यासाठी तो असतो.

ग्लासगोच्या सात वस्तू आणि साताऱ्याची वाघनखं

आपल्या वाचकाला सर्वांत जवळचा विषय म्हणजे परत करण्याचा. असोसिएशननं २०२१ मध्ये संग्रहालयांसाठी वसाहतवादाच्या वारशाचा सामना कसा करावा याचं मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यावर तिथल्या वर्तमानपत्रांत भरपूर टीका झाली. पण स्थानिक संग्रहालयांतल्या अनेकांना हवं होतं ते हेच: वस्तू कुठून आली हे प्रामाणिकपणे शोधायला, लेबलावर लिहायला आणि मागणी आली तर ऐकून घ्यायला कुणी तरी धीर द्यावा.

ऑगस्ट २०२२ मध्ये ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात भारतीय उच्चायुक्तालयाच्या प्रतिनिधींसमोर सात पुरावस्तूंची मालकी भारताला देण्याचा करार झाला. त्यांतल्या बहुतेक एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातल्या मंदिरांतून आणि देवस्थानांतून चोरलेल्या होत्या. ब्रिटनमधल्या संग्रहालयानं भारताला अशा रीतीनं वस्तू परत देण्याची ही पहिलीच वेळ होती.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याला आली, ती मात्र तीन वर्षांच्या उसनवारीवर. तेव्हा पुष्कळांनी संतापून विचारलं, की ग्लासगो देऊ शकतं तर लंडन का नाही? याचं एक साधं उत्तर कायद्यात आहे. ग्लासगोचा संग्रह नगर कौन्सिलचा, निर्णय नगरसेवकांचा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे राष्ट्रीय संग्रहालय, आणि १९८३ चा नॅशनल हेरिटेज अ‍ॅक्ट त्याच्या विश्वस्तांना मोजके अपवाद सोडून संग्रहातली वस्तू काढून द्यायला मनाई करतो. ब्रिटिश म्युझियमला असाच १९६३ चा कायदा बांधून ठेवतो. संग्रह विकला जाऊ नये म्हणून घातलेलं कुंपण इथे परत देण्याच्याही आड येतं. असोसिएशनची संहिता कितीही उदार असली तरी संसदेनं केलेला कायदा ती ओलांडू शकत नाही. ती वातावरण तयार करू शकते, आणि कायदा बदलायचा तर काम तिथूनच सुरू होतं.

आणि हीच अफझलखानाला मारलेली वाघनखं आहेत याची खात्री देता येत नाही, हे त्या संग्रहालयानं स्वतःच सांगितलं आहे. आपल्याला ते ऐकायला आवडलं नाही. मला मात्र ते सचोटीचं वाटतं. जेवढं माहीत आहे तेवढंच लेबलावर लिहायचं, हे या व्यवसायाचं पहिलं व्रत आहे.

असोसिएशनच्या मर्यादा दिसायला २०२३ चा ऑगस्ट पुरेसा आहे. ब्रिटिश म्युझियममधून सुमारे २,००० वस्तू चोरीला गेल्या, हरवल्या किंवा मोडतोड झाल्याचं तेव्हा उघड झालं. एका डॅनिश व्यापाऱ्यानं दोन वर्षं आधीच इशारा दिला होता, त्याकडे नीट लक्ष दिलं गेलं नाही. गेलेल्यांपैकी कितीतरी वस्तूंची धड नोंदच नव्हती. संचालकांना पद सोडावं लागलं. अशा जगप्रसिद्ध संग्रहालयाच्या साठवणखोलीत जाऊन तपासणी करायचा अधिकार असोसिएशनला नव्हता आणि नाही. ती सल्ला देते, प्रशिक्षण देते, बोलते. ज्याला ऐकायचंच नाही त्याला ती ऐकवू शकत नाही.

आपल्याकडचा धागा

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या कार्नेगी कॉर्पोरेशनच्या पैशांतून असोसिएशननं साम्राज्यातल्या संग्रहालयांच्या पाहण्या केल्या. भारताची पाहणी एस. एफ. मार्कहॅम आणि भारतीय पुरातत्त्व खात्याचे माजी महासंचालक हॅरॉल्ड हारग्रीव्ह्ज यांनी केली. त्यांचा अहवाल १९३६ मध्ये निघाला. एवढ्या अवाढव्य देशात त्यांना मोजून १०५ संग्रहालयं आढळली. माणसं अपुरी, पैसा तुटपुंजा, शिकलेला संग्रहपाल दुर्मिळ, असं चित्र. पाहणी साम्राज्याच्या चष्म्यातून केलेली आहे हे खरं, पण देशातल्या संग्रहालयांची एकत्र मोजदाद त्यात झाली. १९४४ मध्ये म्युझियम्स असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, तिचं ‘जर्नल ऑफ इंडियन म्युझियम्स’ निघू लागलं, आणि १९५२ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचं शिक्षण सुरू झालं.

आज महाराष्ट्रात संग्रहालयांचे किती तऱ्हेचे मालक आहेत ते पाहा. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय विश्वस्तांचं, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महानगरपालिकेशी जोडलेलं, नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय राज्य सरकारचं. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पही. शिवाय विद्यापीठांची, कारखान्यांची, देवस्थानांची, आणि एकेका माणसानं आयुष्यभर जमवलेली संग्रहालयं. मुंबईच्या मोठ्या संस्थेकडे स्वतःची संवर्धन प्रयोगशाळा आहे. तालुक्यातल्या संग्रहालयाकडे गंजलेली तलवार कुणाला दाखवावी हे विचारायला दूरध्वनी क्रमांकही नसतो.

हे सगळे एका टेबलाभोवती बसवायचे तर सुरुवात कशापासून करावी? मला विचाराल तर नीतिसंहितेपासून किंवा मोठ्या अधिवेशनापासून नाही. नोंदवहीपासून. वस्तू कधी आली, कुणी दिली, कोणत्या अटीवर, मोजमाप काय, आज ती कुठल्या कपाटात आहे, हे सगळीकडे एकाच पद्धतीनं आणि मराठीत लिहिलं जावं. संगणकावर हे करायला पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेनं ‘जतन’ ही प्रणाली कधीच तयार केली आहे आणि देशातल्या मोठ्या संग्रहालयांनी ती वापरलीही आहे. छोट्या संग्रहालयाला हवा आहे तो ती वापरायला शिकवणारा, वर्षातून दोनदा येऊन नोंदी तपासणारा, आणि अडलं तर फोन उचलणारा माणूस. असा माणूस पाठवणं हे संघटनेचं काम आहे, आणि चार-पाच जिल्ह्यांतल्या संग्रहालयांनी वर्गणी काढली तर ते दिल्लीची वाट न पाहता सुरू करता येतं.